आधी पोटाखाली, मग टपावर: जुनी फोर बाय फोर घेणाऱ्या नवख्यासाठी मार्गदर्शन

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घ्यायची ठरली की नवख्या माणसाचे लक्ष बहुधा टपावरचे कॅरिअर, पुढची विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) आणि उंच टायर यांकडे जाते. मात्र अशी गाडी बिघडते ती टपावर नव्हे, तर पोटाखाली. तिथले तेल बदललेले नसते, चार टायर चार तऱ्हेचे असतात किंवा फोर व्हीलचा दांडा नको तिथे ओढलेला असतो. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने महाराष्ट्रात सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी आहे, कारण इथे नवी गाडी घेणाऱ्यापेक्षा जुनी जिप्सी, थार किंवा डस्टर घेणाऱ्याला चुका महागात पडतात.

गाडी नेमकी कोणत्या जातीची आहे, हे आधी ओळखावे

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘फोर बाय फोर’ म्हणतो, पण त्यात दोन मुख्य जाती आहेत आणि त्यांची निगा वेगवेगळी आहे. 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी, महिंद्राच्या फोर बाय फोर थार आणि 2023 मध्ये आलेली जिम्नी या गाड्या ‘पार्ट-टाइम’ जातीच्या आहेत. एरवी त्यांची मागची दोन चाके गाडी ढकलतात आणि दांडा 2H (दोन चाके) वरून 4H (चार चाके) किंवा 4L वर नेला की ट्रान्सफर केस, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारी फिरती लोखंडी नळी) एकमेकांना घट्ट जोडते. दुसऱ्या जातीत 2014 ची रेनॉ डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह किंवा 2022 ची ग्रँड विटारा ऑलग्रिप यांसारख्या गाड्या येतात. त्यांची पुढची चाके नेहमी चालतात आणि ती घसरू लागली की मागच्या डिफरन्शियलजवळ (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीजवळ) असलेले विद्युतनियंत्रित कपलिंग आपोआप मागच्या चाकांना जोर देते. ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ हे नाव साधारणपणे या दुसऱ्या जातीला लावतात. तिच्यात 4L, म्हणजे दगडधोंड्यांतून मुंगीच्या गतीने चढण्यासाठी लागणारा खालचा गिअर, सहसा नसतो.

हा फरक समजून घेण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. 2020 च्या थारच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर 2.45 मीटर आहे. मागच्या आसाचा मध्य 5 मीटर त्रिज्येने वळत असेल, तर काटकोनात एक वळण घेताना मागची चाके सरासरी 7.85 मीटर आणि पुढची सुमारे 8.75 मीटर अंतर कापतात. म्हणजे एका वळणात जवळजवळ 90 सेंटीमीटरचा फरक पडतो. दोन्ही शाफ्ट घट्ट जोडलेले असताना हा फरक कुठेतरी जिरावाच लागतो. चिखलात किंवा मुरमाड वाटेवर चाक किंचित घसरते आणि प्रश्न मिटतो, परंतु कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांमध्ये) आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. सोसायटीच्या फरसबंद आवारात 4H लावून गाडी वळवल्यास स्टिअरिंग जड होते, टायर कुरकुरतात आणि गाडी उड्या मारल्यासारखी चालते. तोच हा पीळ. अशा वेळी दांडा अडकून 2H वर येत नसेल तर त्याच्याशी कुस्ती खेळू नये. स्टिअरिंग सरळ करून गाडी काही मीटर मागे घ्यावी. पीळ उलगडतो आणि दांडा सहज सुटतो.

डस्टरसारख्या गाडीत ‘ऑटो’ हा पर्याय डांबरावरही निर्धास्त वापरता येतो. ‘लॉक’ मात्र तिथेही चिखलासाठीच आहे.

विकत घेण्यापूर्वी: अर्धा तास गाडीखाली

दिवसाच्या उजेडात, गाडी थंड असताना आणि शक्यतो न धुतलेली असताना पाहायला जावे. धुऊन-पुसून ठेवलेल्या गाडीच्या पोटाखाली तेलाची गळती दिसत नाही. सोबत टॉर्च, जुने कापड, अंगावर घालायला जुना शर्ट आणि योग्य मापाचा पाना असावा.

प्रथम चारही टायर पाहावेत. टायरच्या कडेला कोरलेल्या संकेतातले शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. 2319 याचा अर्थ 2019 सालचा 23 वा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे आहेत का, हा प्रश्न इथे शोभेचा नाही. डस्टरच्या 215/65 आर 16 टायरचा व्यास सुमारे 686 मिलिमीटर असतो. पुढे दोन नवे आणि मागे 5 मिलिमीटर झिजलेले दोन टायर असतील, तर मागच्या चाकांना दर किलोमीटरमागे सुमारे सात फेरे जास्त फिरावे लागते. कपलिंगला वाटते की चाके घसरत आहेत, आणि ते बिचारे सपाट महामार्गावरही राबत राहून तापते. विक्रेत्याने ‘दोन टायर कालच नवे टाकलेत’ असे कौतुकाने सांगितले तर आनंद न मानता त्याला बाकीच्या दोघांची झीज विचारावी.

त्यानंतर गाडीखाली जावे. प्रोपेलर शाफ्ट हाताने धरून उलटसुलट पिळून पाहावा. थोडी ढिलाई असतेच, पण दोन्ही टोकांच्या क्रॉसमध्ये ‘टक’ असा आवाज येत असेल किंवा क्रॉसच्या टोपीभोवती गंजाची तांबूस पूड दिसत असेल, तर क्रॉस गेलेला आहे. पुढच्या एक्सलचे रबरी बूट (सांध्यातले ग्रीस धरून ठेवणारी आवरणे) बोटांनी दाबून उघडून पाहावेत. चीर असेल तर आतले ग्रीस आजूबाजूला उडून काळे पट्टे पडलेले असतात. डिफरन्शियलच्या हाऊसिंगवर दगडाचे ओरखडे असणे हा दोष नव्हे, गाडी वापरल्याची ती खूण आहे. चेपलेले हाऊसिंग किंवा नव्याने मारलेले वेल्डिंग हा मात्र दोष आहे.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. विक्रेत्याची परवानगी घेऊन मागच्या डिफरन्शियलचा वरचा, म्हणजे तेल भरण्याचा नट उघडावा आणि करंगळी आत घालावी. तेल भोकाच्या कडेपर्यंत असायला हवे. बोटाला लागलेले तेल मधासारखे किंवा काळपट असेल तर ठीक. चहात दूध जास्त पडावे तसे ते पांढुरके दिसत असेल तर आत पाणी गेले आहे. पहिली जिप्सी घेताना मी ही तपासणी केली नव्हती. नंतर ते दुधाळ तेल काढले तेव्हा बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडलेले होते, आणि दोन महिन्यांत क्राऊन-पिनियनसकट (डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरच्या जोडीसकट) सगळा संच बदलावा लागला. बोट अंगठ्यावर घासल्यावर बारीक चकाकी दिसली तर ती नेहमीच्या झिजेची असू शकते. नखात अडकेल एवढा धातूचा कण निघाला तर मात्र व्यवहार थांबवावा.

फोर व्हील खरोखर लागते का, हे डॅशबोर्डवरच्या दिव्यावरून ठरवू नये. ज्या जिप्सींच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (चाक एक्सलला जोडणारी किंवा सोडणारी कळ) असतात, त्यांची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, दोन्ही हब ‘लॉक’वर फिरवावेत, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचलावे. 2H मध्ये ते चाक हाताने फिरले पाहिजे आणि 4H मध्ये ते फिरता कामा नये. दोन्ही वेळा फिरत असेल तर जोर पुढे पोहोचतच नाही. आपोआप चालणाऱ्या प्रणालीसाठी मित्राला सोबत न्यावे. खडीच्या चढावर ‘लॉक’ लावून जरा जोरात निघावे आणि मागची चाकेही खडी उडवतात का, हे मित्राने बाहेर सुरक्षित अंतरावर, बाजूला उभे राहून पाहावे.

2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि 2021 मध्ये चिपळूणला आलेल्या महापुरांत बुडालेल्या गाड्या पुढे बाजारात आल्या असणार, हे धरून चालावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. बुडालेल्या गाडीत त्याच्या आतल्या भागावर गाळाची रेषा राहते आणि ती पुसण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

कागदपत्रे

जुन्या फोर बाय फोरमध्ये इंजिन बदललेले असण्याची शक्यता साध्या गाडीपेक्षा अधिक असते. त्यामुळे चॅसिस व इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावेत. चॅसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो; खाडाखोड असेल तर तीही उमटते. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या घेताना मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातला रस्ता कर आणि नव्या नोंदणीचा खर्च किमतीत धरावा. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे दर 5 वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्याआधी गाडी तपासणीत उत्तीर्ण व्हावी लागते. लष्कराच्या लिलावातली जिप्सी कितीही देखणी असली, तरी तिची नागरी नोंदणी झालेली नसेल तर ती नवख्याने घेऊ नये.

गाडी दारात आल्यावरचा पहिला आठवडा

आधीच्या मालकाने काय बदलले आणि काय नाही, यावर विश्वास न ठेवता सगळी तेले बदलावीत. पार्ट-टाइम गाडीत इंजिनाखेरीज गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल अशी चार वेगळी तेले असतात, आणि साध्या गाडीवर हात बसलेला मेकॅनिक यांतले एखादे हमखास विसरतो. म्हणून शक्य असेल तर काम चालू असताना तिथे उभे राहावे. डब्यावरचे वर्गीकरणही तपासावे. डिफरन्शियलला सहसा जीएल-5 दर्जाचे तेल लागते, तर पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असलेल्या अनेक गिअरबॉक्सना जीएल-4 सांगितलेले असते. काही ट्रान्सफर केसमध्ये चक्क ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल घालतात. अंतिम शब्द गाडीच्या पुस्तिकेचा मानावा, मेकॅनिकच्या कपाटात उरलेल्या डब्याचा नव्हे.

एक नियम कधीही मोडू नये: खालचा, तेल काढण्याचा नट उघडण्यापूर्वी वरचा, भरण्याचा नट सुटतो याची खात्री करून घ्यावी. वरचा नट गंजून बसलेला असेल आणि खालून तेल काढून टाकलेले असेल, तर रिकाम्या डिफरन्शियलची गाडी जागेवरून हलवता येत नाही आणि टोइंगची गाडी बोलवावी लागते. चुंबक असलेल्या नटवरची चिकट पूड पुसून नट परत लावावा, वॉशर नवा घालावा. क्रॉसना ग्रीसचे निपल असतील तर चारही टोप्यांतून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीसगन चालवावी.

चालवण्याच्या सवयी

महिन्यातून एकदा तरी मातीच्या सरळ वाटेवर चार-पाच किलोमीटर 4H लावून गाडी चालवावी. वर्षभर न वापरलेल्या प्रणालीत पुढचे डिफरन्शियल कोरडे पडते, दांड्याचे सांधे अडकतात आणि हब व्हॅक्युमवर चालत असतील तर त्यांच्या रबरी नळ्या तडकतात. ताम्हिणीच्या उतारावर, चिखलात गाडी फसल्यानंतर हे उघडकीला येणे बरे नव्हे. 4H बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीत, सरळ रेषेत, पुस्तिकेत दिलेल्या वेगाच्या आत लागते. 4L साठी मात्र गाडी थांबवावी किंवा जेमतेम सरकत ठेवावी. आणि दांडा फसण्यापूर्वी ओढावा. चाके अर्धी रुतल्यावर 4L लावणारे बहुतेकजण खड्डा आणखी खोल करतात.

चार चाकांचा जोर गाडी पुढे नेण्यासाठी आहे, थांबवण्यासाठी नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. आंबोली घाटात जुलैच्या धुक्यात ओल्या डांबरावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतात, दांडा नव्हे. वळणावर वेगाने शिरताना ‘आपली फोर बाय फोर आहे’ हा भरवसा घातक ठरतो.

दर 8 ते 10 हजार किलोमीटरवर टायरांची जागा आलटून-पालटून बदलावी आणि बदलायची वेळ आली की चारही एकदम बदलावेत. गाडी बंद पडलीच तर टोइंगवाल्याला फोनवरच सांगावे की संपूर्ण गाडी वर चढवणारा फ्लॅटबेड हवा. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीची दोन चाके उचलून उरलेल्या दोन चाकांवर तिला ओढत नेल्यास कपलिंग जळू शकते.

आवाज ऐकून दोष ओळखणे

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना पुढून ‘कट-कट-कट’ आले तर एक्सलचा बाहेरचा जोड संपत आला आहे. बूटला चीर दिसताच काम केले, तर नुसता बूट आणि ग्रीस यांवर भागते. गिअर पडताच किंवा पाय सोडताच पोटाखालून एक ‘ठक्’ आला तर क्रॉस तपासावेत. वेग वाढवताना सूर लावल्यासारखे घरघरणे आणि पाय सोडला की त्याचा स्वर बदलणे, हे क्राऊन-पिनियनचे लक्षण मानतात. पाय सोडल्यानेही स्वर बदलत नसेल, पण गाडी डावी-उजवीकडे झुकवल्यावर बदलत असेल, तर चाकाचे बेअरिंग संशयित आहे. चाक उचलून वर-खाली दोन्ही हातांनी हलवल्यास ढिलाई कळते. जुन्या जिप्सीचे स्टिअरिंग ठरावीक वेगाला थरथरू लागले, की गल्लीतला टायरवाला बॅलन्सिंग करून पैसे घेतो. दोष पुष्कळदा किंगपिनच्या (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिच्या) बेअरिंगमध्ये असतो.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, मी चारही तेले करंगळीने तपासतो. गाडी पाण्यातून गेली नसेल तरीही. कोकणातून परतलेल्या गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे, कारण खारी हवा आणि वाळू चॅसिसच्या पोकळीत बसून आतून गंज धरवते. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नये. गोव्यात त्यासाठी कारवाई होते, आणि इतरत्र भरतीच्या पाण्याला दंडाची पावती फाडावी लागत नाही.

सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात

पहिला खर्च टायरवर करावा. डांबर आणि कच्चा रस्ता दोन्ही असतील तर ‘ऑल टेरेन’ टायर पुरेसे आहेत. मोठ्या खाचांचे ‘मड टेरेन’ टायर देशावरच्या काळ्या चिकट मातीत फिरता-फिरता स्वतःला साफ करतात, पण महामार्गावर गुणगुणतात आणि ओल्या डांबरावर कमी पकडतात. मूळ मापापेक्षा 5 टक्के मोठा टायर घातला तर स्पीडोमीटर 80 दाखवत असताना गाडी 84 ने धावते, चढावर दम कमी पडतो आणि एक्सलवरचा ताण वाढतो. त्याच कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात दिलेल्या मापापर्यंतच जाणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी सुधारणा सर्वांत स्वस्त आहे आणि कोणाच्या नजरेत भरत नाही. चालून तापलेले डिफरन्शियल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते आणि ते ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढते. हवा जाण्या-येण्यासाठी वर ब्रीदर, म्हणजे छोटे झरोक्यासारखे तोंड, असतो, पण तो बहुधा चिखलाने बुजलेला किंवा पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. त्याला तेलाला टिकणारी नळी जोडून ती इंजिनाच्या कप्प्यात उंच नेऊन बांधावी. दुधाळ तेलाच्या तक्रारी यानेच बऱ्याच थांबतात.

तिसरा टप्पा अडकलेली गाडी काढण्याच्या साहित्याचा आहे: टायरमधला दाब मोजण्याचा गेज, 12 व्होल्टचा कंप्रेसर, फावडे, भक्कम पट्टा आणि वजन कोरलेले शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी). बऱ्याचदा पहिल्या तीन वस्तूंवरच काम भागते, कारण दाब 18-20 पीएसआयपर्यंत उतरवला की टायर पसरतो आणि मऊ जमिनीवर गाडी तरंगल्यासारखी चालते. डांबरावर येण्यापूर्वी हवा परत भरावी. पट्टा चॅसिसवरच्या नेमून दिलेल्या हुकालाच लावावा, ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही. ताण आल्यावर तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो.

स्नॉर्कलबद्दल फार गैरसमज आहे. तो इंजिनाला वरून हवा देतो, गाडी बुडू देण्याचा परवाना देत नाही. 2020 च्या थारला कंपनीने 650 मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितली आहे, परंतु तो आकडा स्थिर पाण्यासाठी धरावा. थारएवढ्या गाडीच्या तळाला पाणी लागले आणि ते आत शिरले नाही, तर पातळी त्यापुढे वाढेल त्या प्रत्येक 10 सेंटीमीटरमागे 600 ते 700 किलो वजन पाणी उचलून धरते. पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी अशाने लवकरच चाकांवरची पकड सोडते, मग जोर दोन चाकांना असो वा चार. जी फरशी (ओढ्यावरचा बुटका पूल) आपण पायी ओलांडणार नाही, ती गाडीनेही ओलांडू नये.

गाडी उंच करणे, जाड स्प्रिंग, विंच आणि लोखंडी बंपर यांकडे शेवटी वळावे, आणि त्याआधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना परवानगीशिवाय बदलता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पुढे लावायच्या लोखंडी क्रॅश गार्डला केंद्राने 2017 मध्येच मनाई केली आहे, कारण त्याने पादचाऱ्याला इजा वाढते आणि एअरबॅग उघडण्याच्या वेळेतही गडबड होऊ शकते. दोन इंच उंची वाढवली की शाफ्टचे कोन तिरके होतात, आणि नुकतेच बदललेले क्रॉस व बूट पुन्हा झिजायला लागतात. जे काही बदल आरटीओत मंजूर करून घ्याल, ते विमा कंपनीलाही लेखी कळवावेत आणि त्याची पोच आरसीच्या प्रतीसोबत गाडीत ठेवावी.